गच्चीवरची दुसरी छत्री

गोंदियाजवळच्या मुर्रीतल्या कुठल्याही स्लॅबच्या घरावर चढून चौफेर पाहिलं, तर टीव्हीच्या छत्र्या जवळपास एकाच बाजूला मान करून उभ्या दिसतात. दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री दक्षिणेला, थोडी पूर्वेकडे कललेली असते. ती ज्याच्याकडे बघते तो जीसॅट-१५ उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ठाण मांडून बसलेला आहे. छत्री बसवायला येणाऱ्या पोराला हा आकडा ठाऊक नसतो आणि त्याचं काही अडतही नाही. तो शेजारच्या छत्रीकडे बघतो, तोच कोन धरतो, पाना हातात घेऊन खाली ओरडतो, ‘आला का?’ खालून टीव्हीसमोरचं माणूस ओरडतं, ‘आला… आला… गेला!’ केसभर इकडे, केसभर तिकडे, आणि मग नट कायमचा आवळला जातो.

उपग्रह म्हणजे काय, हे गोंदिया जिल्ह्याला असं शिकवावं लागत नाही. नवा आहे तो दुसऱ्या छत्रीचा विषय, म्हणजे इंटरनेटच्या. त्या छत्रीची चर्चा मोठी व्हायला एक कारणही घडलं. ५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक या अमेरिकी कंपनीशी इरादापत्रावर सह्या केल्या. स्टारलिंकशी असा करार करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. त्यात नावं आली ती गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव या जिल्ह्यांची. आश्रमशाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं, आपले सरकार सेवा केंद्रं अशा ठिकाणी आधी प्रयोग, मग पुढचं. केंद्राच्या परवानग्या मिळाल्यावरच हे सगळं, अशी अट अर्थातच होती. गोंदियाचं नाव त्या यादीत नाही. पण गडचिरोली हा शेजारचाच जिल्हा, त्यामुळे ‘आपल्याकडे कधी?’ हा प्रश्न ओघानेच येतो.

मुर्रीपुरतं बोलायचं तर त्या आधी दुसरा प्रश्न विचारायला हवा: आपल्याला ती लागते का?

मुर्री गोंदिया शहराला लागून आहे. गोंदिया हे हावडा-मुंबई मार्गावरचं मोठं जंक्शन, आणि रूळ जातात तिथून रेलटेलची फायबरही जाते. शहराच्या कडेच्या अशा गावात केबलवाल्याची किंवा एखाद्या कंपनीची फायबर शेजारच्या गल्लीपर्यंत आलेली असण्याची शक्यता मोठी. तिचं भाडं महिन्याला चार-पाचशे रुपयांपासून सुरू होतं, पाऊस असो की धुकं, ती त्याच वेगाने चालते, आणि बिघडली तर जोडणारा माणूस सायकलच्या अंतरावर असतो. फायबर नसेल तर फाइव्ह-जीवर चालणारं घरगुती कनेक्शन आहे, ज्यात छतावर लहानशी पेटी लावून टॉवरवरून नेट घेतात. २७ सप्टेंबर २०२५ रोजी बीएसएनएलने देशी बनावटीच्या फोर-जीचे साडेसत्त्याण्णव हजार टॉवर एका दमात देशाला अर्पण केले, त्यातले काही नेटवर्कमधून वगळल्या गेलेल्या गावांसाठी होते. हे तिन्ही दरवाजे ठोठावून झाल्यावरच आकाशाकडे बघण्यात शहाणपण आहे. मुर्रीच्या बहुतेक घरांचं उत्तर पहिल्या नाहीतर दुसऱ्या दारातच मिळेल.

तोच प्रश्न साठ-सत्तर किलोमीटरवरच्या देवरीच्या आतल्या पाड्यात, सालेकसाच्या दरेकसा घाटात किंवा नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला विचारला, तर उत्तर पार उलटं येतं. जंगलातून फायबर न्यायची तर वनखात्याची परवानगी, खोदाई, आणि मग रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने ती तोडली की दुरुस्तीला जाणारे आठवडे. तिथे वीस-पंचवीस घरांसाठी टॉवर उभारायला कुणी धजावत नाही. एकच जिल्हा, एकच आभाळ, आणि उत्तरं दोन. छत्री घ्यायची की नाही हे जमिनीवर ठरतं.

उपग्रहावरून येणारं नेट आजचं नाही; त्याआधी त्याच वाटेने फोन आणि टीव्ही आले. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळच्या आर्वीला १९७२ मध्ये विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. नुकत्याच गेलेल्या विक्रम साराभाईंचं नाव त्याला दिलं गेलं. परदेशी फोन आणि टेलेक्ससाठी तिथे जी अँटेना उभी होती, तिचा व्यास तीसेक मीटर होता. तीन वर्षांनी, १ ऑगस्ट १९७५ ला, ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला: अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या २,४०० गावांत टीव्ही दाखवायचा. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण गोंदियाच्या पूर्वेला, तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या रायपूर भागातली गावं होती. तिथल्या शाळेसमोर उभी राहिलेली छत्री सुमारे तीन मीटरची होती आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. आता लोकांच्या बोलण्यात आहे ती छत्री दप्तराएवढी. उपग्रहाची ताकद वाढत गेली, तशी जमिनीवरची छत्री आटत गेली.

मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये व्यवहार सुरू केले तेव्हा देशभरातल्या दलालांना जोडलं ते उपग्रहानेच. छतावर दीड-दोन मीटरची व्हीसॅट छत्री आणि खाली संगणक. केंद्र सरकारच्या एनआयसीने जिल्हाधिकारी कचेऱ्या दिल्लीशी जोडल्या त्याही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी अशाच छत्र्यांवरून. दुर्गम भागातली एटीएमं, बँकांच्या शाखा, पेट्रोल पंप आजही व्हीसॅटवर चालतात. या धंद्यातली जुनी भारतीय नावं म्हणजे नवी मुंबईत महापेला असलेली टाटा समूहाची नेल्को, जी १९४० मध्ये रेडिओची कंपनी म्हणून सुरू झाली, आणि ह्यूजेस कम्युनिकेशन्स इंडिया. ह्यूजेसने सप्टेंबर २०२२ मध्ये इस्रोच्या जीसॅट-११ आणि जीसॅट-२९ या उपग्रहांवरून जास्त क्षमतेची सेवा सुरू केली. म्हणजे ‘भारतात सॅटेलाइट इंटरनेट येणार’ असं जे म्हटलं जातं ते अर्धंच खरं आहे. धंद्यासाठी ते केव्हाच आलेलं आहे. घरासाठी स्वस्तात आलेलं नाही.

आता दोन जातींतला फरक. पैसे देण्याआधी समजून घ्यावी अशी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

पहिली जात टीव्हीच्या उपग्रहांची. पृथ्वीबरोबर असा उपग्रह चोवीस तासांत एक फेरी मारतो म्हणून खालून तो स्थिर दिसतो; छत्री एकदा आवळली की झालं. पण अंतर छत्तीस हजार किलोमीटर. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरला, तर तुमची विनंती वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, आणि उत्तर त्याच वाटेने यायला आणखी पाव. बाकीचे टप्पे धरून सहाशे मिलिसेकंदांच्या आसपास. सिनेमा बघताना हे जाणवत नाही, कारण सिनेमा एकदा सुरू झाला की वाहत राहतो. जाणवतं ते व्हिडिओ कॉलवर. नागपूरचा डॉक्टर विचारतो, ‘दुखतं कुठे?’ पेशंट ऐकतो, बोलायला तोंड उघडतो, तोवर डॉक्टरला वाटतं ऐकूच गेलं नाही. तो पुन्हा विचारतो, आणि दोन वाक्यं एकमेकांवर आदळतात. जाणवतं ते सरकारी संकेतस्थळांवरही. एक पान उघडताना संगणक आणि सर्व्हर यांच्यात दहा-वीस वेळा ये-जा होते. तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी दहा खेपा घालाव्या लागल्या तर कचेरी जवळ असणं किती महत्त्वाचं, ते कुणालाही कळेल.

दुसरी जात खालच्या कक्षेतल्या झुंडीची. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात. वर-खाली-वर-खाली धरूनही रेडिओ लहरीला आठ मिलिसेकंद पुरतात. प्रत्यक्षात पंचवीस ते पन्नासच्या आसपास पडतात, म्हणजे फायबरच्या पंगतीला बसण्याइतपत. पण इतक्या खालून फिरणारा उपग्रह दीड तासात पृथ्वीला चक्कर मारतो आणि एका गावाच्या माथ्यावरून काही मिनिटांत निघून जातो. म्हणून एक-दोन चालत नाहीत, हजारो लागतात. स्टारलिंकचे २०२५ च्या शेवटी आठ हजारांहून जास्त वर होते. जमिनीवरची छत्रीही मग छत्री उरत नाही. ती एक सपाट पाटी असते, आत शेकडो बारीक अँटेना, आणि काहीही न हलवता ती विजेच्या जोरावर नजर एका उपग्रहावरून दुसऱ्यावर वळवते. कुठली पाटी कुठल्या उपग्रहाशी बोलेल, याची वाटणी दर पंधरा सेकंदांनी नव्याने होते.

मधलेही काही आहेत. वनवेब, जिच्यात भारती समूहाची भागीदारी आहे, तिचे सहाशेहून जास्त उपग्रह १,२०० किलोमीटरवर आहेत. त्यांतले ७२ आपल्या एलव्हीएम-३ रॉकेटने नेले, ३६ ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि ३६ मार्च २०२३ मध्ये. ही सेवा घरोघरी विकायची नाही. सरकार, लष्कर, मोबाइल कंपन्या आणि मोठे उद्योग हे तिचे गिऱ्हाईक. जिओने लक्झेंबर्गच्या एसईएसशी जोडी केली आहे; एसईएसचे हे उपग्रह आठ हजार किलोमीटरवर. स्टारलिंकला दूरसंचार खात्याचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला आणि अंतराळ क्षेत्राच्या इन-स्पेस या संस्थेची मंजुरी जुलैमध्ये, पाच वर्षांसाठी. त्याआधी मार्चमध्येच एअरटेल आणि जिओ या एकमेकींच्या वैरिणींनी एका दिवसाच्या अंतराने स्टारलिंकशी विक्रीचे करार केले होते. उद्या छत्री विकायला दारात येणारा माणूस बहुधा तुमच्या ओळखीच्याच मोबाइल कंपनीचा असेल, तो त्यामुळे.

दाराशी कुणी आलंच, तर दोन प्रसंग आठवावेत. २०२१ मध्ये स्टारलिंकने परवाना हाती नसतानाच भारतात ९९ डॉलर, म्हणजे सात हजारांहून जास्त रुपये घेऊन आगाऊ नोंदणी सुरू केली होती. नोव्हेंबरमध्ये दूरसंचार खात्याने लोकांना जाहीरपणे सांगितलं, नोंदणी करू नका, आणि पुढे कंपनीला पैसे परत करावे लागले. दुसरा प्रसंग डिसेंबर २०२५ चा. कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर एके दिवशी दर झळकले: महिन्याला ८,६०० रुपये, उपकरणाचे ३४,०००. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, चर्चा झाल्या. मग कंपनीनेच खुलासा केला की ते चाचणीसाठी भरलेले खोटे आकडे होते, चुकून दिसले. बिलावर छापलेला आणि परवानाधारक विक्रेत्याने दिलेला दर हाती येईपर्यंत दुसऱ्या कुठल्या आकड्यावर हिशेब मांडू नये, एवढं यातून घ्यावं.

अंदाजच करायचा तर शेजाऱ्यांकडे बघता येतं. भूतानमध्ये २०२५ च्या सुरुवातीला सेवा आली, तेव्हा हलका प्लॅन महिन्याला ३,००० आणि नेहमीचा ४,२०० न्गुलट्रमचा होता. न्गुलट्रम म्हणजे रुपयाच्याच किमतीचं नाणं. बांगलादेशात मे २०२५ मध्ये ४,२०० आणि ६,००० टाका, उपकरणाचे ४७,००० टाका. गोंदियाच्या फायबरच्या दराशेजारी हे आकडे ठेवले की मुर्रीच्या घराचा निर्णय तसा आपोआप होतो. देवरीच्या सेवा केंद्राचा होत नाही, कारण त्याच्याकडे तुलनेला दुसरा आकडाच नाही.

दरात आणखी एक गमतीची गोष्ट आहे. दूरसंचार नियामक ट्रायने मे २०२५ मध्ये शिफारस केली की या कंपन्यांनी उत्पन्नाचा चार टक्के हिस्सा सरकारला द्यावा आणि शहरी ग्राहकामागे वर्षाला ५०० रुपये जास्तीचे. खेड्यातल्या ग्राहकासाठी ते नकोत. हेतू असा की कंपन्यांनी गावाकडे तोंड करावं. आता मुर्रीसारखं गाव, जिथे ग्रामपंचायत आहे आणि दोन पावलांवर नगरपरिषदेची हद्द, ते यात कुठे धरायचं, यावर कुणीतरी एक दिवस फाइल उघडेल.

दुसरी गोष्ट वाटेकऱ्यांची. जाहिरातीत ‘अमुक एमबीपीएसपर्यंत’ असं लिहितात, त्यातला ‘पर्यंत’ हा शब्द सगळ्यात वजनदार. अर्जुनी-मोरगावच्या बाजूला इटियाडोह धरणाच्या कालव्यावर ज्यांचं धान आहे त्यांना हे समजवावं लागत नाही: धरण भरलेलं असतं, मुखाशी पाणी खळाळतं, आणि शेवटच्या बांधीपर्यंत ओल जेमतेम पोचते. उपग्रहाचंही तसंच. इस्रोचा जीसॅट-एन२, जो १९ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेतून फाल्कन-९ रॉकेटने गेला, त्याची एकूण क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आणि तो देशावर ३२ झोत टाकतो. सरासरी काढली तर एका झोताच्या वाट्याला दीड गिगाबिट. त्यात पन्नास एमबीपीएसच्या वेगाने एकाच क्षणी नेट ओढणारी घरं तीसच मावतात. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत म्हणून गाडं चालतं. पण क्रिकेटच्या सामन्याच्या संध्याकाळी ओढतात. स्टारलिंकबद्दलही केंद्रीय राज्यमंत्री पेम्मासानी चंद्रशेखर यांनी जुलै २०२५ मध्ये सांगितलं होतं की ती देशभरात वीस लाखच जोडण्या देऊ शकेल. मोबाइल कंपन्यांच्या कोट्यवधी गिऱ्हाइकांपुढे हा आकडा डाळीतल्या मिठाएवढा.

धंद्यासाठी कनेक्शन घेणाऱ्याने म्हणूनच ‘जास्तीत जास्त किती’ यापेक्षा ‘कमीत कमी किती’ हे विचारावं, आणि ते करारात लिहून घ्यावं. व्हीसॅटवाल्या कंपन्या असा खात्रीचा वेग विकतात. तो महाग असतो आणि आकडा ऐकायला फारच लहान वाटतो. वाटू द्यावा.

गोंदियातली राईस मिल घेऊ, कारण जिल्ह्याचा धंदा म्हणजे धान. मिलला नेट कशाला लागतं? धर्मकाट्यावरची पावती, ई-वे बिल, जीएसटीचं बीजक, बँक. हे सगळं मिळून किरकोळ डेटा आहे. त्याला वेग नको, खंड नको. मग येतात कॅमेरे. गोदामात आठ कॅमेरे लावून मालकाला ते नागपुरात बसून मोबाइलवर बघायचे असतात, आणि इथे हिशेब फिरतो. कारण आता डेटा खाली येत नाही, वर जातो, आणि वर पाठवण्याचा वेग उपग्रहावर खाली येण्याच्या वेगाच्या काही अंशच असतो. शिवाय घरगुती प्लॅनमध्ये बहुतेक वेळा स्वतःचा इंटरनेट पत्ता मिळत नाही, अनेकांत एक वाटलेला असतो. बाहेरून थेट कॅमेऱ्यात शिरायचं तर अडतं. कॅमेऱ्यांचं चित्रण मिलमधल्याच डिस्कवर साठवायचं आणि बाहेर फक्त हवं तेवढं पाठवायचं, हा उपाय साधा आहे, पण विक्रेता तो आपणहून सांगेलच असं नाही. मुर्रीच्या आसपासच्या मिलला खरा सल्ला असा: मुख्य नेट फायबरचं, आणि वैनगंगेच्या पुराने किंवा रस्त्याच्या खोदाईने ते गेलं तर चालावं म्हणून मोबाइलचं. उपग्रहाची छत्री ही तिसरी स्टेपनी. बँकेच्या शाखेला किंवा हॉस्पिटलला ती परवडेल; मिलला धानाच्या हंगामापुरती भाड्याने मिळाली तर बरी.

सालेकसा-देवरीकडच्या धान खरेदी केंद्राचं गणित वेगळं. तिथे शेतकऱ्याची नोंदणी ऑनलाइन, सातबारा ऑनलाइन, पैसे खात्यात. रेंज गेली की काट्यापुढे बैलबंड्या आणि ट्रॅक्टर उभे राहतात, आणि कुणीतरी मोबाइल घेऊन टेकाडावर चढतो. अशा ठिकाणी खालच्या कक्षेची एक पाटी आणि तिच्याभोवती वाय-फाय, एवढ्याने केंद्र, शेजारची शाळा आणि आशा कार्यकर्तीचं काम भागू शकतं. महिन्याचे तीन-चार हजार एका घराला जड, पाच संस्थांत वाटले तर हलके. बिल कुणाच्या नावावर, हे मात्र पहिल्या दिवशी ठरवावं. केंद्राच्या भारतनेट योजनेत देशातल्या हजारो दुर्गम ग्रामपंचायती उपग्रहाने जोडल्या गेल्या आहेत. छत्री बसवणं हा त्यातला सोपा भाग असतो, दोन वर्षांनी तिचं भाडं आणि विजेचं बिल कोण भरतं हा अवघड.

आणखी एक गरज आहे, चार दिवसांची. दरेकसाजवळच्या कचारगडच्या गुहेपाशी माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते; अनेक राज्यांतून लाखो माणसं त्या जंगलात येतात. एरवी ज्या टॉवरवर पाखरू बसत नाही तो अशा गर्दीत गुदमरतो. पोलीस आणि आरोग्य पथकाला त्या चार दिवसांसाठी पाठीवरच्या पिशवीत मावणारी पाटी मिळाली, तर तिचा उपयोग कुठल्याही घरगुती कनेक्शनपेक्षा जास्त. स्टारलिंकची लहान पाटी किलोभर वजनाची असते आणि २५ ते ४० वॅटवर चालते. जीपच्या बॅटरीवरही भागतं.

विजेचा विषय निघालाच आहे तर तो नीट बघू, कारण जाहिरातीत तो नसतो. घरगुती आकाराची पाटी ७५ ते १०० वॅट खाते, दिवसरात्र. म्हणजे दिवसाला दोनेक युनिट, महिन्याला साठच्या आसपास. महावितरणच्या घरगुती दराचा पहिला टप्पा शंभर युनिटपर्यंत. ज्या घराचं बिल ऐंशी-नव्वद युनिटचं आहे, ते पाटी लागल्याबरोबर महागड्या टप्प्यात जाऊन बसतं. लाईट गेल्यावर दीडशे अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीवर पाटी एकटी दहा-बारा तास चालेल. दोन पंखे आणि दिवे लावले की वेळ निम्म्याहूनही खाली येते. फायबरच्या पेटीला दहा-पंधरा वॅट पुरतात.

पावसाचं भय मात्र थोडं जास्तच घातलं जातं. या छत्र्या ज्या लहरींवर चालतात त्यांची लांबी एक ते तीन सेंटिमीटर. जाड थेंबांचा दाट पडदा त्या शोषतो, विखुरतो. आषाढातला काळा ढग माथ्यावर आला की टीव्हीवर ‘नो सिग्नल’ येतं, तेच हे. भुरभुर पावसात काही होत नाही; कोसळता पाऊस दहा-वीस मिनिटं नेट घालवतो, ढग सरकला की परत येतं. विदर्भात जास्त भीती विजा पडण्याची. छत्रीला स्वतंत्र अर्थिंग, तारेवर सर्ज रोखणारं यंत्र, हे बसवणाऱ्याकडून पैसे देऊन करून घ्यावं. आणि कवेलूच्या घरावर छत्री लावू नये, भिंतीला किंवा आंगणातल्या खांबाला लावावी. वारा एकवेळ सोसेल, पण वानरांची टोळी केबलला झोके घेते तेव्हा वॉरंटीचा कागद कामी येत नाही.

परदेशातल्या भावाने-भाच्याने पाटी आणून दिली तर? नको. परवान्याशिवाय ती वापरणं बेकायदा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये सुरक्षा दलांनी पकडलेल्या शस्त्रांबरोबर स्टारलिंकची खूण असलेलं उपकरण सापडलं, तेव्हापासून यंत्रणा या बाबतीत फार जागरूक आहेत. गोंदियाचा पूर्व पट्टा नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेलेला. तिथे विनापरवाना छत्री म्हणजे कुटाणा ओढवून घेणं.

राहता राहिली झाडं, आणि इथे गोष्ट सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे. लोकांना वाटतं, नव्या झुंडीच्या उपग्रहांना कुठूनही दिसलं तरी चालेल. खरं तर त्यांनाच आभाळ जास्त लागतं. घरगुती पाटीची नजर ११० अंश पसरलेली असते. त्या पसाऱ्यात जिथे फांदी, तिथून उपग्रह जाताना जोडणी सेकंद-दोन सेकंद तुटते. सिनेमाला कळत नाही, कॉलला कळतं. जुन्या, स्थिर उपग्रहाला उलट आभाळाचा एक झरोका पुरतो. गोंदियाहून जीसॅट-११ कडे बघायचं तर दक्षिणेला, किंचित पश्चिमेला, क्षितिजापासून चौसष्ट अंश वर. तेवढा एक तुकडा मोकळा असला की बाकी तिन्ही बाजूंनी सागवान उभं असलं तरी हरकत नाही. जंगलातल्या वनचौकीला जुनीच छत्री जास्त भरवशाची ठरू शकते, ती अशी.

पाटी कुठे लावावी ते मोबाइलच सांगतो. कंपनीचं अ‍ॅप उघडायचं, कॅमेरा आभाळाकडे धरायचा आणि आंगणात हळूहळू गोल फिरायचं. पडद्यावर एक घुमट तयार होत जातो. मोकळं आभाळ निळं, अडथळा लाल. टीव्हीची छत्री दक्षिणेकडे बघते, ही पाटी जवळजवळ उताणी, किंचित उत्तरेकडे झुकलेली बसते, त्यामुळे आजवर कुणी लक्ष न दिलेली परसातली झाडं अचानक हिशेबात येतात. मुर्रीतल्या जुन्या वाड्यात हे करून पाहिलं तर घुमटाच्या उत्तरेला हमखास एक मोठा लाल डाग उमटेल. तो आजोबांनी लावलेला आंबा असतो. मग घरात चर्चा सुरू होते की आंब्याची फांदी छाटायची, की बारा फुटांचा लोखंडी खांब गाडायचा, की गल्लीच्या तोंडाशी आलेल्या फायबरवाल्याला आणखी साठ मीटर तार ओढायला किती घेशील ते विचारायचं.